तिखट भांड्यात नको, पानात हवे

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या सदरात आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांपलीकडे जात नाही. या अंकात मिरचीवर लिहीत आहोत, आणि तेही मिरचीच्या पिकावर थोडे व मिरचीच्या स्वयंपाकावर जास्त. "शेतकी साहेबांना आता चुलीचंही कळाय लागलं काय?" असे कोणी म्हणेल. म्हणू दे. शेती विभागाची माणसे लागणीची नोंद घ्यायला, उसाची पाहणी करायला वर्षभर वस्ती-वस्तीवर फिरतात आणि "चार घास खाऊन जावा" म्हटल्याशिवाय कोणी सोडत नाही. इतक्या घरचे अन्न खाल्ल्यावर त्याबद्दल दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्हाला आहे, असे आम्ही समजतो.

बोलायचे ते असे. आपल्याकडे कालवणाचे तिखट घरातल्या सर्वांत जास्त तिखट खाणाऱ्या माणसाच्या जिभेवर ठरते. तो माणूस बहुधा कर्ता पुरुष असतो. त्याला आमटीला जाळ लागतो, म्हणून सगळ्या घराच्या आमटीला जाळ. मग पाच वर्षांचे पोर भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून खाते, म्हातारी दुधात कुस्करते, आणि जिने स्वयंपाक केला ती बाई पित्ताची गोळी घेऊन वर तेच कालवण खाते.

एका वस्तीवर मटणाचा बेत होता. आमच्या पानात तांबडा रस्सा, पोरांच्या पानात तांबडा रस्सा आणि भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या सभासदांच्या वाटीत दूध-भाकरी. आम्ही सहज विचारले तेव्हा घरातले म्हणाले, "बाबांना मटण सोसत नाही आता." त्यावर बाबा हळूच म्हणाले, "मटण सोसतंय की. चटणी सोसत नाही." ज्यांनी विहीर पाडली, माळाची जमीन सपाट केली, कारखान्याचा पहिला शेअर घेतला, त्यांच्याच वाटणीला घरच्या बेताच्या दिवशी दूध-भाकरी. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. फक्त तिखट आधीच भांड्यात पडले होते, आणि एकदा पडलेले तिखट काही काढून घेता येत नाही.

म्हणून आमचे मत असे आहे की, कालवण सर्वांना खाता येईल इतपत सौम्य करावे आणि ज्याला जास्त तिखट हवे त्याने ते आपल्या पानात वरून घ्यावे. कमी तिखटाच्या भांड्यात तिखट घालता येते. उलटे करता येत नाही.

आता लगेच आक्षेप येईल, "म्हणजे सपक खायचं काय आम्ही?" या आक्षेपात तथ्य आहे, आणि खरी अडचण इथेच आहे. आपण वर्षाची जी कांदा-लसूण चटणी करतो तिच्यात मिरची असते, तसेच खोबरे, तीळ, धने, खसखस, कांदा, लसूण, गरम मसाला आणि मीठही असते. सगळे एकाच डब्यात. एखाद्या सुनेने पोरांसाठी म्हणून दोन चमच्यांऐवजी एक चमचा चटणी टाकली, तर तिखट निम्मे होते आणि त्याबरोबर मसालाही निम्मा होतो. कालवण मग पाणचट लागते. घरचे म्हणतात, "तिखट कमी पडलं." कमी मसाला पडलेला असतो, नाव मिरचीचे होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन चमचे.

यावर उपाय सोपा आहे: चटणीचे दोन डबे करावेत. मोठ्या डब्यात नेहमीचा सगळा मसाला, पण त्यातली मिरची सगळी ब्याडगी. लहान डब्यात नुसती तिखट मिरची कांडलेली, मग ती जवारी संकेश्वरी असो, लवंगी असो की गुंटूर. मोठ्या डब्यातली चटणी हात न आखडता घालता येते, त्यामुळे रंग येतो, दाटपणा येतो, खमंगपणा येतो. जाळ मात्र लहान डब्यातून, चिमटीने आणि विचारून. उन्हाळ्यात मिरची कांडपाला नेताना दोन पिशव्या वेगळ्या न्यायच्या, एवढेच काम वाढते.

ब्याडगीचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. ब्याडगी हे गाव कर्नाटकात हावेरी जिल्ह्यात आहे आणि तिथली मिरचीची पेठ सगळ्या देशात नावाजलेली आहे. या मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात आखूड-फुगीर ती डब्बी आणि लांब-बारीक ती कड्डी, असे दोन प्रकार. रंग गडद आणि तिखटपणा बेताचा, हा तिचा गुण. तिच्या रंगाचा अर्क काढून तो खाद्यपदार्थांत व ओठांच्या लालीतही वापरतात. रंग आणि तिखट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला पटवायचे असेल त्याने ब्याडगी आणि लवंगी शेजारी-शेजारी ठेवून चाखून पाहावी. लालभडक रस्सा पाहून घाम पुसायला पंचा काढणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. पहिल्या घासाला ती चकित होतात.

तिखटपणा मोजण्याची एक रीत आहे, आणि तिचा साखरेशी संबंध असल्यामुळे ती आपल्या सभासदांना ठाऊक असायला हरकत नाही. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली ती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करीत जायचे आणि चाखणाऱ्याला तिखट लागेनासे होईपर्यंत किती पट पातळ करावे लागले, तो आकडा धरायचा. आता हे काम यंत्रावर होते, पण एककाला नाव त्याचेच आहे. या मापाने ढोबळी मिरची शून्य, ब्याडगी साधारण ८ ते १५ हजार, गुंटूरची सन्नम ३५ ते ४० हजार. ईशान्येकडची भूत जोलोकिया १० लाखांच्या वर जाते, जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून २००७ साली तिची नोंद झाली होती. आमटीला गुळाचा खडा घालणाऱ्या आपल्या आया-आज्यांना स्कोव्हिल माहीत नव्हता, पण गोडाने तिखट दबते हे त्यांना त्याच्या आधीपासून ठाऊक होते.

तिखट म्हणजे खरे पाहता चव नव्हेच. मिरचीतल्या कॅप्सेसिन या द्रव्याने जिभेवरची, भाजल्याची जाणीव देणारी मज्जा जागी होते. तोंड भाजत नाही, पण भाजल्यासारखे वाटते. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाने १९९७ साली या जाणिवेचे मूळ शोधून काढले आणि त्याला २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पाखरांना ही जाणीव होत नाही, म्हणून पोपट मिरची पेरूसारखी खातो. आणि रोज तिखट खाणाऱ्या माणसाची ही मज्जा हळूहळू बोथट होत जाते. आमच्या मुद्द्याला हे फार महत्त्वाचे आहे. ज्याला तिखट कळेनासे झाले आहे, त्याच्याकडेच आपण घराच्या तिखटाचे माप सोपवले आहे! वर "आपल्या घरात असंच लागतं" हा अभिमान वेगळाच. तिखट खाण्यात मर्दुमकी मानण्याची ही जी रीत पडली आहे, ती आम्हाला तरी कधी समजली नाही. मिरची तशीही आपल्याकडची नव्हे. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. त्याआधी आपण मिऱ्यावर भागवत होतो, आणि मिरीवरूनच तर मिरचीला नाव मिळाले.

पानात तिखट घेण्याची रीत मात्र आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूरकडे तांबड्या रश्शाबरोबर पांढरा रस्सा असतो तो कशासाठी? नारळाचे दूध, तीळ, खसखस घातलेला तो पांढरा रस्सा पोटाला थंडावा देतो, आणि ज्याला जसे सोसेल तसे तो दोन्ही रस्से घेतो. मटण शिजले की तिखट घालण्याआधी पोरांसाठी अळणी काढून ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. मिसळीच्या हॉटेलात कटाचे भांडे वेगळे असते. झुणका-भाकरीच्या कडेला ठेचा वेगळा असतो. तोडणीला बीडकडून आलेल्या टोळ्यांच्या कोप्यांवर सकाळी पाहावे: भाकरी, पिठले, आणि ठेचा ज्याचा त्याने भाकरीवर घेतलेला. आई तेच पिठले लेकराला भरवते. जे मटणाला, मिसळीला आणि झुणक्याला चालते, ते रोजच्या आमटीला आणि वांग्याच्या कालवणाला का चालू नये?

आता हाताची कामे. ही माहिती आम्ही घरोघरच्या मायबहिणींकडूनच गोळा केली आहे, त्यामुळे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढे जावे.

मिरचीचा जाळ बियांत असतो, असा सर्वांचा समज आहे. मुख्यतः तो असतो बिया ज्या पांढऱ्या गरावर चिकटलेल्या असतात त्या गरात. बिया त्याला लागून असतात म्हणून त्याही तिखट लागतात. ब्याडगी मोडून, बिया आणि गर झटकून, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून वाटली की रश्श्याला रंग भरपूर आणि तिखट नावाला. हिरव्या मिरचीचेही तसेच. चिरून टाकली तर सगळा जाळ वरणात उतरतो, अख्खी टाकून वाढताना काढून घेतली तर वास उतरतो आणि तिखट बेताचे राहते. भज्याची लांब जाड मिरची किंवा ढोबळी मिरची डाळीचे पीठ आणि शेंगदाण्याचे कूट घालून भरली, तर लहान मुलेसुद्धा मिरची खाल्ली म्हणून मिरवतात. मोठ्यांसाठी त्याच कढईत दोन-चार सांडगी मिरच्या तळून बाजूला ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट, कॅप्सेसिन तेलातुपात विरघळते, पाण्यात फारसे नाही. तिखट लागल्यावर तांब्याभर पाणी प्यायले तरी आग का थांबत नाही, त्याचे कारण हेच. दूध, दही किंवा ताक प्यावे. आणि याच कारणाने रश्श्याचा जाळ वर तरंगणाऱ्या कटात जास्त असतो. रस्सा झाल्यावर पाच मिनिटे स्थिर ठेवून वरचा कट पळीने वेगळ्या वाटीत काढावा. खालचा रस्सा आजीला आणि नातवाला, कटाची वाटी कर्त्या पुरुषासमोर. एकाच भांड्यातून दोन कालवणे झाली, सरपण जास्त लागले नाही आणि बाईला दोनदा फोडणी द्यावी लागली नाही. आम्हाला या सगळ्यात हीच युक्ती सर्वांत आवडली.

कट वेगळा करायचा तर फोडणीतच काळजी घ्यावी. तेल धुरावर असताना चटणी टाकली की ती करपते, काळी पडते, कडवट होते आणि घरभर ठसका उठतो. भांडे खाली उतरवून, तेल थोडे निवल्यावर चटणी घालावी आणि लगेच रस्सा ओतावा. एवढे करूनही कालवण जास्त तिखट झालेच, तर पाणी वाढवून उपयोग नाही. कूट, वाटलेले खोबरे किंवा फेटलेले दही घालावे, चवीपुरता गूळ टाकावा. मिरच्या चिरताना हाताला आधी तेल लावावे. हात भगभगू लागले तर पुन्हा तेल चोळून मग साबणाने धुवावेत, नुसत्या पाण्याने काही होत नाही.

लग्नाच्या आणि जत्रेच्या जेवणावळीतही हेच करता येईल. आचाऱ्याला आधी सांगून ठेवावे आणि वाढप्यांच्या हातात दोन बादल्या द्याव्यात, एक आमटीची आणि एक लहान, कटाची. पाहुण्यांत पुण्याकडची सून असते, शहरात वाढलेली नातवंडे असतात, पथ्याची माणसे असतात. पंगतीत बसून पोळी आणि भातावरच उठणारी माणसे आपण मोजत नाही, म्हणून आपल्याला वाटते की जेवण झकास झाले.

बाजारच्या पुडीबद्दल थोडे. ब्याडगीच्या नावाखाली दुसरी एखादी सुरकुतलेली मिरची गळ्यात मारण्याचे प्रकार होतात. घेताना एक मिरची मोडून तुकडा जिभेला लावून पाहावा. ब्याडगी असून जीभ पेटली तर पिशवी परत ठेवावी. सुटी तयार पूड स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत मेण आणि पॉलिशसाठी वापरला जाणारा सुदान नावाचा रंग सापडल्याचे प्रकरण २००३ साली युरोपात गाजले होते. असा रंग खाण्यात घालायला आपल्या कायद्यानेही बंदी आहे, पण सुट्या पुडीवर कोणाचे नाव नसते. बुरशीचा वास येणारी, आतून काळी पडलेली मिरची निवडून टाकावी. कांडल्यावर ती ओळखू येत नाही आणि बुरशीचे विष भाजूनही जात नाही.

आता आमच्या खात्याचे बोलतो. आपल्या कार्यक्षेत्रात पाणी आले आणि बांधापर्यंत ऊस गेला. त्याचा आम्हाला आनंद आहे, त्यासाठीच आम्ही पगार घेतो. पण उसाने आधी काय खाल्ले असेल तर घरचे माळवे आणि मिरचीचा तुकडा. गडहिंग्लजच्या बाजारात जिची वाट पाहतात त्या जवारी संकेश्वरीची लागण कमी कमी होत गेली, आणि पाच एकर बागायतीचा धनी पाव किलो मिरचीसाठी आठवडे बाजारात भाव करीत उभा राहू लागला. आमच्या हिशेबाने हे बरोबर नाही, ऊसवाल्यांच्या हिशेबानेसुद्धा.

फार जागा लागत नाही. दोन फूट बाय दीड फुटावर लावली तर पाव गुंठ्यात शंभराच्या आसपास रोपे बसतात. निगा नीट राहिली तर त्यांतून पाच किलोच्या आसपास वाळली मिरची मिळायला हरकत नाही. पाच-सहा माणसांच्या घराला वर्षभर पुरावी इतकी. साठ रोपे ब्याडगीची, तीस संकेश्वरीची आणि दहा ज्वालाची हिरवी तोडायला, असे आम्ही सुचवू. मे अखेरीस गादीवाफ्यावर बी टाकावे, पाच-सहा आठवड्यांची रोपे जुलैत लावावीत. पाणी साचणारी जागा नको आणि आडसाली उसाची सावली पडणारीही नको.

इथे एक धोक्याची सूचना. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी आपण टू-फोर-डी फवारतो. त्याचा वाऱ्यावर गेलेला तुषारसुद्धा मिरचीला आणि वांग्याला बाधतो. पाने वेडीवाकडी होतात, शेंडा पिळवटतो आणि शेतकरी बोकड्या आला म्हणून कीटकनाशके मारीत बसतो. मिरची वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावावी, फवारणी वारा पडल्यावर करावी आणि तणनाशकाचा पंप मिरचीला कधीही वापरू नये, कितीही धुतला तरी.

ढोबळीशेजारी लवंगी लावली की ढोबळी तिखट होते, अशी समजूत आहे. त्या वर्षीच्या फळात असे होत नाही, कारण जाळ धरणारा गर हा त्या झाडाचा स्वतःचा असतो. पण परागाची सरमिसळ झालेली असते, आणि त्या फळाचे बी धरले तर पुढच्या वर्षी काय येईल ते सांगता येत नाही. म्हणून बियाण्यासाठी दोन-चार झाडे फुलण्याआधी पातळ कापडाने झाकून घ्यावीत आणि त्यांचीच पिकलेली फळे बियांसाठी ठेवावीत.

ज्यांच्या घरी जवारी संकेश्वरीचे जुने बी अजून टिकून आहे, अशा सभासदांनी आपल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे. गटातल्या इतरांना त्यांच्याकडून बी घेता येईल. ब्याडगीचे आणि संकेश्वरीचे बी वेगवेगळ्या पुडीत बांधावे आणि पुडीवर जातीचे नाव व धरल्याचे वर्ष लिहावे. वाळल्यावर दोन्ही बिया सारख्याच दिसतात.